सव्वातीन इंचांचा किनारा

25 सप्टेंबर, पोर्टलंड

बॉस्टनहून बसने दोन-अडीच तासांत मेन राज्यातलं पोर्टलंड. भाची घ्यायला आली होती. ती इथे शेवंडाच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, पिल्लांवर संशोधन करते. "मामा, चार दिवस वारा पडलेला आहे, पाऊसही नाही. तुला बोटीवर नेता येईल," हे तिचं पहिलं वाक्य. घरच्यांची विचारपूस मग गाडीत झाली.

मी मूळचा मालवणचा. ऐंशीच्या दशकात मुंबईला भाऊच्या धक्क्यावर एका निर्यातदाराकडे मालाच्या वजनाचं काम करायचो. त्यामुळे शेवंड म्हटलं की मला आधी तराजू आठवतो, चव नंतर. इथला शेवंड वेगळा. आपल्याकडचा काटेरी, लांब मिशांचा, नांग्या नसलेला. यांचा अमेरिकन लॉबस्टर मोठ्या दोन नांग्यांचा, एक चिरडायची आणि एक कापायची.

संध्याकाळी धक्क्यांवरून फिरलो. जुने लाकडी धक्के, सापळ्यांच्या थप्प्या आणि त्यांना लागूनच महागडी हॉटेलं. इथेच गल्फ ऑफ मेन रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी इतरांबरोबर 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पाणी तापतंय ते मेनमध्येही आणि न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्याच्या, दक्षिण भागातही. मग दक्षिणेत शेवंड कोसळला आणि मेनमध्ये वाढला, असं का? तापमान हे मोठं कारण होतंच, पण दुसरं असं, की मेनच्या मच्छीमारांनी अंडी देणाऱ्या माद्या आणि मोठे शेवंड पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात परत सोडले होते. हे सोडणं कसं चालतं ते बघायचं होतं. शहरात त्यातलं काही दिसणार नव्हतं.

26 सप्टेंबर, वॉलपोल

पोर्टलंडहून दीड तासावर डामारिस्कोटा नदीची खाडी. तिच्या काठावर, झाडीत लपलेलं मेन विद्यापीठाचं डार्लिंग मरीन सेंटर. आपल्या देवगडच्या खाडीसारखीच वळणं, फक्त आंब्याच्या जागी पाइन. खाडीत कालवांची शेती चालते.

भाचीने टाक्या दाखवल्या. शेवंडाची मादी अंडी शेपटीखाली चिकटवून नऊ ते अकरा महिने वागवते. अर्ध्या किलोहून थोडी कमी, म्हणजे पौंडभराची मादी असेल तर सुमारे 8,000 अंडी. नऊ पौंडांची असेल तर लाखाच्या आसपास. अंड्यांतून निघालेली पिल्लं आधी पाण्यात तरंगतात, कात टाकत टाकत चौथ्या अवस्थेत येतात आणि मग तळाशी बसायला जागा शोधतात. त्यांना हवी असते गोट्यांची जमीन. वाळूवर किंवा उघड्या खडकावर बसलेलं पिल्लू कोणीतरी खाऊन टाकतं. गोट्यांच्या फटीत गेलेलं वाचतं.

शास्त्रज्ञ तीच जागा मोजतात. शरद ऋतूत पाणबुडे खाली उतरतात, अर्ध्या चौरस मीटरची चौकट टाकतात, गोटे एकेक करून हलवतात आणि मोठ्या नळीने तळ शोषून जाळीच्या पिशवीत घेतात. त्या वर्षी बसलेली पिल्लं नखावर मावतील एवढी. ही मोजणी 1989 मध्ये मेनच्या मध्य किनाऱ्यावर सुरू झाली. आता ऱ्होड आयलंडपासून कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत दोन देशांच्या संस्था ती एकाच पद्धतीने करतात. पाणबुड्यांना जाता येत नाही तिथे गोट्यांनी भरलेले जाळीचे खोके तळाशी ठेवतात आणि शरदात उचलून मोजतात.

पिल्लाला विक्रीच्या आकाराला यायला सहा ते आठ वर्षं लागतात. म्हणजे आज खाली किती बसली ते कळलं, तर सात वर्षांनी जाळ्यात, म्हणजे इथे सापळ्यात, काय येणार याचा अंदाज आधीच येतो. आपल्याकडे कुठल्याही मासळीसाठी अशी सात वर्षं आधीची सूचना मिळाली असती तर!

सूचना मात्र चांगली नाही. 2012 नंतर बऱ्याच ठिकाणी पिल्लं कमी बसताना दिसली. अंडी देणाऱ्या माद्या भरपूर होत्या, तरी. याला एक कारण सुचवलं गेलंय ते कॅलॅनस नावाच्या तेलकट सूक्ष्म प्राण्याचं. तरंगत्या पिल्लांचं ते खाणं, आणि पाण्याबरोबर तेही बदललंय. वादही आहे: पिल्लं कमी झालीत, की तापलेल्या पाण्यामुळे खोल जाऊन बसतायत, जिथे पाणबुडे पोचत नाहीत?

याच केंद्रात बॉब स्टेनेक यांनी वर्षानुवर्षं काम केलं. सत्तर ते नव्वदच्या दशकांत सरकारी जीवशास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा सांगत होते की मासेमारी जास्त होतेय, शेवंड कोसळणार. उलट पकड वाढतच गेली. मच्छीमारांचा शास्त्रावरचा विश्वास उडाला तो तेव्हा. स्टेनेक आणि त्यांच्या पिढीचे संशोधक कागदावरचे आकडे बाजूला ठेवून पाण्यात उतरले, मच्छीमारांच्या बोटींवर बसले. त्यांनाच नंतर दुसरीही गोष्ट सांगावी लागली: 2011 साली स्टेनेक आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की कॉडसारखे मोठे मासे संपल्यावर सगळा किनारा एकाच प्राण्यावर जगतोय, हा सोन्याचा मुलामा दिलेला सापळा आहे.

27 सप्टेंबर, समुद्रात

पहाटे पाचला धक्क्यावर. कॅप्टन साठीचा, मदतनीस त्याची मुलगी. राज्याचा मत्स्य विभाग 1985 पासून मच्छीमारांच्या बोटींवर आपली माणसं पाठवतो. सापळ्यात जे येतं त्याची, विकलं जाणाऱ्याची आणि परत सोडलं जाणाऱ्याची, दोन्हींची नोंद होते. धक्क्यावर मोजलं तर फक्त विकलेलं दिसतं. समुद्रात काय परत गेलं ते बोटीवरच कळतं. भाची अशीच एक नोंद करणार होती आणि कॅप्टनच्या परवानगीने मी सोबत होतो.

आमिषाचा वास सांगत नाही. मेनहॅडन नावाची मासळी, पिंपात खारवलेली. इकडे पूर्वी हेरिंग वापरत. तिचा कोटा घटल्यापासून ही चालते.

समुद्रभर रंगीत बोये, म्हणजे खाली सापळा कुठे आहे ते दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा. प्रत्येकाचे रंग नोंदवलेले, बोटीवरही तेच रंग दिसले पाहिजेत. एका परवान्यावर जास्तीत जास्त 800 सापळे. 1995 च्या कायद्याने किनाऱ्याचे सात विभाग पाडले, प्रत्येकाची मच्छीमारांनी निवडलेली परिषद. मेनमध्ये तळ खरवडणारं जाळं ओढून शेवंड आणायला परवानगी नाही, फक्त सापळा. सापळा तारेचा, एका भागाला ते स्वयंपाकघर म्हणतात, कारण आमिष तिथे, दुसऱ्याला दिवाणखाना. छोट्यांना बाहेर पडायला ठरावीक मापाची खिडकी असते. सापळा हरवला तर कुजून उघडेल असा एक तुकडाही बसवावा लागतो.

न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी एकदा सापळ्यावर कॅमेरा लावला होता. आत शिरलेल्या शंभरातले फक्त सहाच अडकले. उरलेले खाऊन निघून गेले, आणि त्यातले बहुतेक ज्या वाटेने आले त्याच वाटेने. मी हे कॅप्टनला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे मी पोसतोय आणि सहाजण भाडं देतायत."

यंत्राने दोर ओढला, पहिला सापळा वर आला. आत पाच. कॅप्टनने कंबरेची पितळी मापपट्टी काढली. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत मोजायचं. सव्वातीन इंचांहून कमी भरला की समुद्रात. पाच इंचांहून मोठा भरला तरी समुद्रात, कारण मोठे म्हणजे बियाणं. पाचांपैकी तीन लहान, एक विकण्याजोगा. पाचवी मादी, शेपटीखाली काळसर हिरव्या अंड्यांचा घोस.

कॅप्टनच्या मुलीने तिला उलटं धरलं आणि शेपटीच्या मधल्या पाकळीच्या उजवीकडच्या पाकळीत एका अवजाराने इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडली. मग अलगद पाण्यात. आता ही मादी पुढच्या वेळी अंडी नसताना कोणाच्याही सापळ्यात आली, तरी खाच पाहून तिला सोडावंच लागेल. एक-दोनदा कात टाकली की खाच बुजत जाते. तेव्हा पुन्हा अंड्यांवर सापडली की पुन्हा खाच. ही पद्धत शंभरेक वर्षांची आहे.

माझ्या हातात भाचीने फळी आणि कागद दिला. ती मिलिमीटरमध्ये सांगत होती, मी लिहीत होतो. "84, मादी, अंडी नाहीत, खाच आहे." "79, नर." "91, मादी, अंडी आहेत, खाच नवीन." चार तास हेच. लिहिता लिहिता लक्षात आलं की रकान्यांत सोडलेल्यांची संख्या ठेवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. भाऊच्या धक्क्यावर मी जे रकाने भरायचो त्यांत फक्त वजन आणि भाव असायचा.

मी विचारलं, "कोणी बघत नसताना खाचवाली मादी ठेवून दिली तर?"

"ठेवतात की काहीजण," कॅप्टन म्हणाला. "सापडले तर परवाना जातो. पण त्याआधी बंदरात त्याच्याशी कोणी बोलत नाही. त्याचे सापळे कापले जातात. मी असं काही सांगितलेलं नाही, बरं का."

बंदराबंदराच्या अशा टोळ्या आणि त्यांच्या न लिहिलेल्या हद्दी यांवर मेन विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ जेम्स अचेसन यांनी बरीच वर्षं काम केलं. हद्दीबाहेर गेलात की बोयाला गाठ बांधून इशारा, तरी नाही ऐकलं तर दोर कापलेला. कायद्याच्या पोटात ही दुसरी, कडक कायद्याची व्यवस्था आहे म्हणूनच पितळी पट्टी चालते, असं मला वाटतं. चांगुलपणावर नाही.

दुपारी कॅप्टन जरा तापला. केंद्र सरकारचा परवाना असलेल्या बोटींवर 2023 च्या अखेरीपासून ट्रॅकर बसवलाय, चोवीस तास बोट कुठे आहे ते कळतं. काहींनी त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. "माझ्या बोटीवर तुम्ही या, मोजा, हवं तर माझ्या हाताने मोजून घ्या. पण धक्क्यावर बांधलेली बोटसुद्धा बघत बसायची?" भाची गप्प राहिली. तिला तो डेटा हवा असतो.

27 सप्टेंबर, रात्री

झोप आली नाही म्हणून लिहितोय.

मुंबईचा चपट्या डोक्याचा शेवंड, ज्याला निर्यातीत सँड लॉबस्टर म्हणत, तो ऐंशीच्या दशकात ट्रॉलरमध्ये भरभरून यायचा. एखाद्या वर्षी तीनशे टनांहूनही जास्त. 1994 पर्यंत जवळपास संपला. शेपट्या मी स्वतः तोलल्यात आणि त्यांतल्या कितीतरी गाभोळीने भरलेल्या होत्या. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने ती घसरण नोंदवली आणि 2001 मध्ये ती सविस्तर छापूनही आली. पण मी ज्या तांडेलांना, म्हणजे बोटींच्या म्होरक्यांना, ओळखायचो त्यांतल्या एकानेही तो आकडा कधी पाहिला नव्हता.

2003 मध्ये निर्यातीसाठी किमान वजनं ठरली: आपल्या नेहमीच्या चिखलातल्या शेवंडाला 300 ग्रॅम, सँड लॉबस्टरला 150. गाभोळीच्या माद्या सोडा, म्हणून संस्थेने किनाऱ्यावर मोहिमाही घेतल्या. पण निर्यातीचं वजन कुठे लागतं? कारखान्यात, बर्फात, मेल्यावर. 280 ग्रॅमचा सापडला तर तो समुद्रात परत जात नाही, स्थानिक बाजारात जातो. कॅप्टनची पट्टी लागते ती जिवंत शेवंडाला, पाण्यापासून हातभर अंतरावर. दोन्हीकडे माप आहे. फरक ते कुठे लावतात याचा आहे, आणि मला वाटतं सगळा फरक तोच आहे.

2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींसाठी किमान आकार ठरवले. चांगलंच झालं. मोजणार कोण, हे मात्र अजून मालवणच्या दांड्यावर कोणी मला सांगितलेलं नाही.

28 सप्टेंबर, स्टोनिंग्टन

तीन तास गाडी. पेनॉबस्कॉट खाडी वळसा घालून ओलांडली आणि डिअर आयल बेटावरच्या स्टोनिंग्टनला आलो. राज्यात शेवंडाची सगळ्यात मोठी उलाढाल बहुधा याच बंदरात होते. गाव लहान, ग्रॅनाइटचं. जानेवारी 2024 च्या दोन वादळांनी मेनच्या किनाऱ्यावरचे कितीतरी धक्के उचकटून नेले. बरेच आता उंच करून बांधलेत.

इथलं मेन सेंटर फॉर कोस्टल फिशरीज हे टेड एम्स आणि रॉबिन आल्डेन यांनी उभं केलं. एम्स स्वतः मच्छीमार. त्यांनी जुन्या कोळ्यांना विचारून विचारून कॉड मासा कुठे अंडी घालायचा त्याचे नकाशे काढले, ज्या जागा शास्त्रज्ञांच्या कागदांत नव्हत्या. 2005 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आल्डेन नव्वदच्या दशकात राज्याच्या मत्स्य आयुक्त होत्या. सात विभागांची व्यवस्था त्यांच्या काळात रुळली. केंद्र शाळकरी मुलांसाठीही कार्यक्रम चालवतं, बोट चालवणारी पोरं त्यात विज्ञान शिकतात. आपल्या रापणीतल्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या, म्हाताऱ्यांना मासा कुठे वळतो ते ठाऊक असतं. त्यांचा नकाशा कोणी काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

29 सप्टेंबर, स्टोनिंग्टन

दिवसभर धुकं. धक्क्यावरच्या चहाच्या (खरं तर कॉफीच्या) टपरीत बसून एकच विषय ऐकला: सोळावा भाग.

गोष्ट अशी. मच्छीमारांच्या बोटी वापरून राज्य खिडकी नसलेले सापळे टाकतं, म्हणजे लहान शेवंड आत राहतात आणि मोजता येतात. या व इतर पाहण्यांत लहान शेवंड 35 टक्क्यांनी घटले तर किमान माप आपोआप वाढेल, असं अटलांटिक किनारी राज्यांच्या मत्स्य आयोगाने 2023 मध्ये ठरवलं. घट 39 टक्के निघाली. माप सव्वातीन इंचांवरून एक सोळांश इंचाने, दीडेक मिलिमीटरने, वाढणार होतं. मच्छीमार भडकले. कॅनडाचे मच्छीमार लहान शेवंड विकत राहतील आणि बाजार त्यांच्याकडे जाईल, हा त्यांचा मुख्य मुद्दा. 2012 मध्ये उन्हाळा लवकर तापला, मेनमध्ये शेवंडांचा पूर आला, भाव पडला आणि कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या मच्छीमारांनी मेनचा माल घेऊन येणारे ट्रक अडवले, ते इथे कोणी विसरलेलं नाही. शेवटी 2025 च्या सुरुवातीला वाढ मागे घेतली गेली.

टपरीतले बहुतेक खूश. भाची नाही. 2016 ला पकड 13 कोटी पौंडांच्या वर होती, 2024 ला 8.6 कोटींवर आली. ती म्हणते, "मामा, आकडे त्यांच्याच बोटींवर मोजले गेले. तेच आकडे नको झाले." मला तिचं पटतं. पण एक दुसरंही पटतं: भांडण आकड्यांच्या खरेखोटेपणावर नव्हतं, त्यांची किंमत कोणी मोजायची यावर होतं. आपल्याकडे अजून आकड्यांपर्यंतच भांडण पोचत नाही. तिथे मोठ्या घेरजाळ्याचा पर्ससीनवाला आणि रापणकर एकमेकांच्या बोटी मोजतात.

व्हेलचा विषय निघाला तेव्हा टपरी एकदम थंड झाली. अटलांटिक राइट व्हेल चारशेच्याही खाली उरलेत आणि दोरांत अडकतात. मेनचे दोर ओळखता यावेत म्हणून त्यांना जांभळी खूण करावी लागते. दोराशिवाय वर येणारे सापळे तपासले जातायत, पण ते महाग आहेत.

30 सप्टेंबर, पोर्ट क्लाइड ते मोन्हेगन

दुपारची लाँच पकडली. पोर्ट क्लाइडचा धक्का 2023 च्या आगीत जळला होता. मोन्हेगन हे किनाऱ्यापासून दहा मैलांवरचं दीडेक मैल लांबीचं बेट. वर्षभर राहणारी माणसं शंभरही नाहीत. धक्क्यावर सापळ्यांचे डोंगर रचलेले, वर बोये आणि दोरांची वेटोळी. उद्या हंगाम सुरू.

1 ऑक्टोबर, मोन्हेगन

सगळ्या मेनमध्ये उन्हाळाभर शेवंड पकडतात. इथे उन्हाळ्यात बंदी, आणि ती बेटाने स्वतः मागून घेतलेली, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी. उन्हाळ्यात शेवंड नुकती कात टाकलेला, मऊ, पाण्याने फुगलेला, भाव कमी. ऑक्टोबरपासून कवच टणक, भाव चांगला. शिवाय सगळे एकाच दिवशी सुरू करतात. कोणी आजारी असेल, कोणाचं इंजिन बिघडलं असेल, तर बाकीचे थांबतात, अशी रीत.

पहाटे सगळं बेट धक्क्यावर. शाळेतली पोरं, चित्रकार, पोस्टातली बाई, सगळे सापळे उचलून देतायत. माझ्याही हातात दोन आले. डझनभर बोटी वजनाने इतक्या खाली बसल्या की मला धडकी भरली. उजाडताच एकापाठोपाठ निघाल्या.

उरलेली सकाळ एका निवृत्त मच्छीमाराबरोबर बाकावर. मी म्हटलं, हे आमच्याकडे हवं. त्याने हसून दुसरी बाजू सांगितली. नव्वदच्या दशकात समोरच्या फ्रेंडशिप गावच्या मच्छीमारांनी बेटाच्या पाण्यात सापळे टाकले. मोठा तंटा झाला. 1998 मध्ये विधिमंडळाने बेटाभोवतीचं पाणी बेटवाल्यांसाठी राखून दिलं. "फ्रेंडशिपच्या लोकांना विचार, त्यांच्या दृष्टीने मी चोर आहे," तो म्हणाला. राज्यातही नवा परवाना सहज मिळत नाही. उमेदवारी करायची आणि मग बऱ्याच विभागांत यादीत वर्षानुवर्षं थांबायचं.

म्हणजे खाच, पट्टी, बंदी, मोजणी हे सगळं उभं आहे ते 'हे पाणी आमचं' या वाक्यावर. बाहेरचा कोण हे ठरलं की आतले शिस्त पाळतात. परतीच्या लाँचमध्ये मी भाचीला विचारलं, मालवणात बाहेरचा कोण? रत्नागिरीचा ट्रॉलर, की कर्नाटक-गोव्याचा, की रात्री एलईडी दिवे लावून मासळी पकडणारा आपलाच चुलतभाऊ?

"चुलतभाऊ," ती लगेच म्हणाली. "मामा, त्याचं नाव घेऊ का?"

मी नको म्हटलं. तो तिचाही मामा लागतो.